रेललेला दात

कवळीकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव वीजबिलावर होतं आणि ते वाचायची तसदी कुणी घेत नव्हतं. वडिलांपासून कवळ्या बनवायचा धंदा, त्यामुळे गल्लीने परस्पर त्यांचं आडनाव बदलून टाकलं होतं. आता तर बायकोसुद्धा फोनवर ‘कवळीकरांच्या घरून बोलतेय’ असंच म्हणायची.

दाताचा डॉक्टर वेगळा आणि दात बनवणारा वेगळा, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. डॉक्टर तोंडाचा ठसा घेतो, त्यात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करतो आणि तो खोक्यात घालून कवळीकरांसारख्या कारागिराकडे पाठवतो. कारागीर साच्यावर मेणाची हिरडी चढवतो आणि मेणात एकेक दात रोवतो. मग ते मेणातलं काम डॉक्टरकडे परत जातं. पेशंटच्या तोंडात बसवून बघायचं, ओठ नीट मिटतात का, हसू बरं दिसतं का ते पाहायचं आणि सगळं मनासारखं झालं की मगच पक्की कवळी करायची. या सगळ्यात कारागिराला पेशंट कधीच दिसत नाही. कवळीकरांनी आयुष्यात हजारो माणसांना दात दिले होते, पण त्यातल्या एकालाही हसताना पाहिलं नव्हतं.

त्यातून त्यांच्या वडिलांचा एक नियम होता. खोक्यावर नाव घालायचं नाही, फक्त नंबर. बाबा म्हणत, “लोक टक्कल मिरवतात, पण कवळी लपवतात. ज्याची झाकली मूठ त्याच्यापाशी राहू दे.” बाबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी तो नियम कवळीकरांनी मोडला नव्हता. नंबर मात्र ते तीन-तीनदा तपासत. एकदा खोकं उघडताना, एकदा काम संपल्यावर आणि एकदा खोक्याला चिठ्ठी बांधताना, तेही मोठ्याने वाचून. बायको त्यांची चेष्टा करायची की बाकीची माणसं जप करतात आणि आमचे हे पाढे म्हणतात.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला डॉक्टरीणबाईंचा फोन आला. या बाईंचं काम कवळीकरांकडे नव्याने, म्हणजे महिन्याभरापूर्वीच यायला लागलं होतं. त्यांचा नेहमीचा कारागीर जिन्यावरून घसरून मनगट मोडून बसला होता, म्हणून.

“कवळीकर, एकशे सदुसष्ट नंबर तुम्हीच केलाय ना?”

“मीच. का, नंबर चुकला?” कवळीकरांनी लगेच विचारलं. दुसरं काही चुकू शकतं हे त्यांच्या डोक्यातच येत नसे.

“नंबर बरोबर आहे हो. दात चुकलाय. वरचा डावा पटाशीचा दात चक्क शेजारच्या दातावर रेलून बसलाय. वर त्याचा कोपराही घासलाय तुम्ही. मी चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं, सगळे सरळ, एकसारखे.”

“माझ्या हातून वाकडा दात? बाई, झोपेतसुद्धा नाही जमायचा.”

“मग झोपेतच लावला असेल. बरं, ते राहू दे, दुरुस्त करता येईल. पंचाईत वेगळीच आहे. पेशंट मेण परत द्यायला तयार नाही. अर्धा तास झाला, हातात आरसा धरून खुर्चीत बसलाय. म्हणतो, हे ज्याने केलं त्याला बोलवा.”

“फार रागावलाय का?”

“रागावला असता तर मी बघून घेतलं असतं. अहो, तो रडतोय.”

कवळीकरांनी फोन खाली ठेवला. त्यांनी दोन दिवसांपूर्वीचं आठवून पाहिलं. एकशे सदुसष्ट. मोठा, रुंद जबडा, टाळूवर जाड वळ्या. ते दात रोवत होते तेव्हा डोक्यात स्वयंपाकघरातला गळका नळ होता. हात आपोआप चालला होता. संपल्यावर त्यांनी नंबर तीनदा तपासला, चिठ्ठी बांधली आणि खोकं पाठवून दिलं. दातांकडे मात्र एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाहायचं कशाला? इतक्या वर्षांत या हातांनी दात वाकडा लावलाच नव्हता.

डावा पटाशीचा दात. शेजाऱ्यावर रेललेला. कोपरा उडालेला.

असा दात त्यांनी जन्मात एकाच तोंडात पाहिला होता. कवळीकरांची दातखिळी बसली. बायको काहीतरी विचारत समोर येऊन उभी राहिली. तिने खांदा धरून हलवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “दादाचा दात आहे.”

“कुठे आहे? कसला दात?”

“मी लावला. माझ्या हाताने. मला माहीतही नव्हतं.”

बायकोला कोडं उलगडायला वेळ लागला. दादा म्हणजे तिचा थोरला दीर, हे तिला माहीत होतं. तो चौतीस वर्षांपूर्वी घर सोडून गेला आणि पुन्हा त्याची खबर आली नाही, हेही. तिने त्याला पाहिला नव्हता. भिंतीवरच्या एका फोटोत मात्र तो होता, तोंड भरून हसणारा, आणि त्या हसण्यात तो एक आगाऊ दात बाकीच्यांच्या पुढे आलेला. लहानपणी झोपाळ्याची कड लागून त्याचा कोपरा उडाला होता. का गेला असं विचारलं की कवळीकर म्हणत, “बाबांशी वाजलं त्याचं.” मग ती म्हणायची, “जाऊ दे हो. भेट व्हायची तेव्हा होईल. वर बसलेल्याने काहीतरी ठरवलंच असेल.” तीस वर्षांच्या संसारात तिने हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की कवळीकर पुढेपुढे वैतागून म्हणत, “वर बसलेल्याला दुसरी कामं नाहीत का?”

आज तिने ते वाक्य म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, “सदरा बदला आणि जा. उभे काय राहिलात?”

“दुसराही कुणी असेल गं. जगात काय एकच दात वाकडा असतो?”

“मग रडायला काय झालंय त्याला?”

कवळीकर बाहेर पडले. दवाखाना चालत वीस मिनिटांवर होता आणि ती वीस मिनिटं त्यांना फारच कमी पडली. कारण ‘बाबांशी वाजलं’ हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा त्यांना कुणी अहोजाहो करत नव्हतं. छोट्या म्हणत. छोट्या वीस वर्षांचा, दादा सव्वीसचा, आई आधीच गेलेली. तिघं बापलेक एका लांब टेबलावर बसून कवळ्या करत. दात लावायचे बाबांनी, घासूनपुसून चकचकीत करायचं दादाने आणि खोक्यांना चिठ्ठ्या बांधायच्या छोट्याने. म्हणजे ज्यात अक्कल लागत नाही ते काम छोट्याकडे. एका दिवशी बेचाळीस आणि बावन्न अशा दोन नंबरांच्या पक्क्या कवळ्या एकदम तयार झाल्या. छोट्याने चिठ्ठ्या बांधल्या, पण त्याचं लक्ष समोरच्या खिडकीत होतं. तिथे एक मुलगी रोज त्याच वेळी केस वाळवत उभी राहायची. (ती पुढे दुसऱ्याच कुणाची तरी बायको झाली.) आपण कुठली चिठ्ठी कुठे बांधली, हे छोट्याला नंतर कितीही डोकं खाजवलं तरी आठवलं नाही.

बेचाळीस नंबरवाले एका शाळेचे हेडमास्तर निघाले. त्या दिवशी त्यांच्या निरोपाची सभा होती. घाईघाईत दवाखान्यातून खोकं उचललं, कवळी कशीबशी तोंडात कोंबली आणि ते तसेच भाषणाला उभे राहिले. दुसऱ्याच वाक्याला वरची कवळी निसटली आणि समोरच्या पाण्याच्या ग्लासात पडली. सगळी शाळा हसली. हसू गावभर पसरलं. हेडमास्तर पुढे महिनाभर घराबाहेर पडले नाहीत म्हणतात. बाबांच्या हातची कवळी तोंडातून पडली, ही गोष्ट बाबांना मरणाहून वाईट होती.

संध्याकाळी बाबांनी दोघांना उभं केलं आणि विचारलं, “चिठ्ठ्या कुणी बदलल्या?”

छोट्या तोंड उघडणार एवढ्यात दादा म्हणाला, “मी.”

बाबा म्हणाले, “ज्या हाताला नंबर कळत नाही तो हात माझ्या टेबलाला लागायचा नाही.”

दादाने ऐकून घेतलं. उलट बोलला नाही. कपड्यांची एक पिशवी भरली आणि अर्ध्या तासात निघून गेला. छोट्या मूग गिळून उभा राहिला. उद्या सांगू, उद्या बाबा शांत होतील, असं त्याने स्वतःला बजावलं. तो उद्या आलाच नाही. एक दिवस गप्प बसलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलणं दुप्पट जड जातं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून कवळीकरांनी ते सांगायचा प्रयत्न केला होता, पण तोवर बाबांची शुद्ध गेली होती.

आणि आता, दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभं राहून, कवळीकरांना वाटलं की परत फिरावं. खुर्चीतला माणूस दादा नसला तर बरं, असंही वाटलं आणि दादाच असू दे, असंही. दोन्ही इतक्या जोराने वाटलं की त्यांना कठड्याला धरावं लागलं.

डॉक्टरीणबाई दारातच भेटल्या. “बरं झालं आलात. पेशंट परगावचा आहे, इथे पंधरा दिवस लेकीकडे आलाय. तिने बळेच आणलं. दाताच्या खुर्चीत बसायचं नाही म्हणून सगळे दात किडवून घेतले या माणसाने, शेवटी गेल्या वर्षी काढावेच लागले. आणि हे बघा, अजून मेणच आहे, त्यांना चावू देऊ नका, जोरात बोलू देऊ नका.” एवढं सांगून त्या पुढच्या खोलीत गेल्या.

खुर्ची पाठमोरी होती. वर तो मोठा दिवा तसाच चालू होता. आधी कवळीकरांना फक्त एक टक्कल दिसलं आणि आरसा धरलेला एक हात. मग आरशात एक तोंड दिसलं. साठीचा, रापलेला, सुरकुतलेला कुणी एक म्हातारा आणि त्याच्या तोंडात, अगदी जसाच्या तसा, फोटोतला दात. त्या दाताने म्हाताऱ्याला ओळखीचा करून टाकलं. आरशातल्या डोळ्यांनी कवळीकरांकडे पाहिलं.

“छोट्या?”

बसायला म्हणून कवळीकरांनी डॉक्टरांचं चाकाचं स्टूल ओढलं, ते अर्धवट बुडाखाली आलं आणि उरलेलं मागे पळालं. कवळीकर कपाटाला धडकले. दादा खुर्चीतून उठायला गेला, तर त्याच्या गळ्यातला कागदी रुमाल खुर्चीच्या कडेला अडकला. चौतीस वर्षांनी दोन भाऊ भेटले ते असे. कुणी कुणाच्या गळ्यात पडायच्या आधी दोघंही आपापल्या जागी धडपडत होते.

“तूच केलंस हे?” दादा मेण सांभाळत, ओठ न हलवता म्हणाला. “तुला कुणी सांगितलं मी इथे आहे?”

“कुणी नाही रे. नंबर होता नुसता. एकशे सदुसष्ट.”

“मग हा दात?”

“मला नाही माहीत. शपथेवर सांगतो, नाही माहीत.”

दादाने दोन बोटांनी मेणातले दात काढून पुढ्यातल्या वाटीत ठेवले. त्याबरोबर त्याचे गाल आत गेले. त्याने तोंडावर हात धरला, लाजल्यासारखा. कवळीकरांना ते सहन होईना. हजारो बोळक्या जबड्यांचे साचे हाताळलेला माणूस, पण आपल्या भावाचं बोळकं त्यांना पाहवेना. आता बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही, हे त्यांना कळलं. त्यांनी दम खाल्ला नाही, प्रस्तावना केली नाही.

“दादा, त्या चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. बेचाळीस आणि बावन्न. माझं लक्ष नव्हतं. तू माझ्यासाठी अंगावर घेतलंस आणि मी गप्प बसलो. बाबांना सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. तुझं घर माझ्यामुळे सुटलं. मला काय म्हणायचं ते म्हण. मार पाहिजे तर.”

दादाचा तोंडावरचा हात खाली आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. क्षमाही नव्हती. तो नुसता गोंधळला होता.

“कुठल्या चिठ्ठ्या?” तो म्हणाला. दातांविना त्याचे शब्द हवेत विरत होते, पण समजत होते. “चिठ्ठ्या तू बरोबर बांधल्या होत्यास.”

“नाही रे—”

“अरे, तू खिडकीत डोळे लावून बसला होतास, म्हणून तर मी खोकी उघडून परत बघितली. बेचाळीसला बेचाळीस होतं, बावन्नला बावन्न. मग मी जेवायला गेलो. परत आलो तर बाबा दोन्ही खोकी उघडून उभे. शेवटचा हात फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडायची का? दोन्ही कवळ्या बाहेर, आणि साचा असा डोळ्यांना टेकवून त्यावरचा नंबर वाचत होते. मला बघितल्यावर साचा खाली ठेवला. म्हणाले, डोळ्यात धूळ गेली.”

“धूळ?” कवळीकर म्हणाले.

“बाबांना दिसत नव्हतं, छोट्या. त्याआधी महिनाभर ते दातांचा रंग जुळवायची पट्टी मलाच वाचायला लावत होते. म्हणायचे, चष्मा आत राहिलाय. दात लावायला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. नंबर वाचायला डोळे लागतात. ग्लासात कवळी पडल्याचं कळलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की परत ठेवताना बाबांनीच उलटापालट केली. आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताच नव्हता. आता मी त्यांना तोंडावर सांगू का, की बाबा, तुमची चूक आहे, तुम्ही आंधळे व्हायला लागलात, उठा टेबलावरून? ते त्याच दिवशी मेले असते. म्हणून म्हटलं, मी. तुझ्यासाठी नाही रे. तुझा यात काही संबंधच नव्हता.”

पलीकडच्या खोलीत डॉक्टरीणबाईंचं यंत्र घरघरत होतं. कवळीकरांना तेवढाच आवाज ऐकू येत होता. तुझा संबंधच नव्हता. चौतीस वर्षं जो दगड उरावर घेऊन ते उठले, जेवले, झोपले, तो दगड त्यांचा नव्हताच. माणसाला सुटल्यासारखं वाटायला हवं. कवळीकरांना मात्र भयंकर संताप आला.

“मग मला सांगितलं का नाहीस? एक ओळ टाकायची होतीस! चौतीस वर्षं मी स्वतःला खात बसलोय दादा, चौतीस वर्षं! बायकोच्या डोळ्याला डोळा भिडवून मी तुझा विषय काढू शकलो नाही!”

“तुला तसं वाटतंय हे मला काय स्वप्न पडणार होतं?” दादाचाही आवाज चढला. “पत्र लिहायला दहादा बसलो मी. पण लिहिलं की उत्तर येणार, आणि उत्तरात बाबांचं काय झालं ते येणार. ते वाचायची माझी छाती नव्हती. आता लेकीकडे आलो, तरी आपल्या गल्लीकडे पाय वळला नाही.” तो थांबला. मग हळूच विचारलं, “उठवलं का रे त्यांना टेबलावरून? कधी कळलं लोकांना?”

“काय कळलं?”

“त्यांच्या डोळ्यांचं. मी गेलो तेव्हा तोऱ्यात गेलो, की बाबांची लाज राखली. गाव मागे पडलं आणि मग लक्षात आलं, की मी गाढवपणा केलाय. आता मागे नंबर कोण वाचणार? आठ दिवसांत दुसरी चूक होणार, महिन्यात तिसरी. माझं जाणं फुकट जाणार आणि बाबांची शोभा व्हायची ती होणारच. मी ट्रक चालवत जग फिरलो, पण कुठे दाताच्या डॉक्टरची पाटी दिसली की तोंड फिरवायचो. सांग आता. किती दिवस टिकले बाबा?”

“नऊ वर्षं,” कवळीकर म्हणाले.

“काय नऊ वर्षं?”

“नऊ वर्षं काम केलं त्यांनी. गेले त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत टेबलावर होते. एक चूक झाली नाही, दादा. लोक लांबून यायचे. बाबांच्या हाताला उपमा नाही म्हणायचे.”

“म्हणजे गेलेच ते. पण शक्यच नाही, त्यांना दिसत नव्हतं.”

“मला माहीत नव्हतं ना ते! मी नंबर वाचायचो. प्रत्येक खोक्याचा. तीनतीनदा, मोठ्याने. उघडताना, संपल्यावर, बांधताना. बाबा म्हणायचे, ऐकू येतं मला, ओरडू नकोस. पण थांबवलं नाही कधी. रंगाची पट्टीपण मीच वाचायचो. त्यांच्या हातात साचासुद्धा मी नंबर सांगूनच द्यायचो.”

“का पण? तुला तर ठाऊकच नव्हतं.”

“कारण मला वाटत होतं की पहिली चूक माझी.”

हे वाक्य बोलून झालं आणि कवळीकर आपल्याच वाक्याकडे बघत राहिले. दादाही. थोडा वेळ दोघंही एकमेकांकडे अशा नजरेने पाहत होते, जणू खोलीत तिसरंच कुणी येऊन उभं राहिलंय. दादा बाबांना वाचवायला गेला आणि त्याने कामाचा निम्मा भाग तसाच टाकला. छोट्याने तो निम्मा भाग नऊ वर्षं केला, ते काम आहे हे माहीत नसताना. त्याला एक खोटा अपराध लागला नसता तर त्याने नंबर एकदाच वाचला असता, मनातल्या मनात, खिडकीकडे बघत. दादाने ते योजलं नव्हतं. छोट्यानेही नाही. बाबांना तर काहीच कळलं नव्हतं.

“आपल्यापैकी कुणीच नाही ठरवलं हे,” दादा पुटपुटला.

“मग हा ठरवणारा मोठा दुष्ट आहे,” कवळीकर म्हणाले. राग अजून पुरता उतरला नव्हता. “बाबांना नऊ वर्षं दिली, बरं केलं. पण तुझी आणि माझी चौतीस घेतली त्याचं काय? दुसरा काही मार्ग सुचला नाही त्याला?”

“मला काय विचारतोस? मी ट्रक ड्रायव्हर.” दादाने वाटीतले दात उचलून दिव्याखाली धरले. “बरं, हे कसं झालं ते सांग. हातानं कसं ओळखलं?”

कवळीकरांनी कारागिराचं डोकं चालवून पाहिलं. जबडा बाबांच्या वळणाचा होता, टाळूवरच्या वळ्याही तशाच. घराण्याची ठेवण असते. बोटांनी ती चाचपली असेल आणि डोक्याला न विचारता त्यांना आठवेल ते केलं असेल. एवढं सगळं ते बोलले, आणि मग त्यांचं त्यांनाच जाणवलं की हे सगळं पटण्यासारखं आहे आणि तरीही पुरत नाही. मनगट दुसऱ्याच कारागिराचं मोडलं होतं. लेकीने बळेच याच दवाखान्यात आणलं होतं. नळ नेमका त्याच दिवशी गळत होता. त्यांनी आपल्याच हातांकडे पाहिलं. दादाने ते आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

डॉक्टरीणबाई डोकावल्या. त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि दार हळूच लावून घेतलं.

शेवटी कवळीकरांनी खिशातून फोन काढला. घरी पहिली घंटा वाजते न वाजते तोच बायकोने उचलला. ती फोन हातातच धरून बसली असणार.

“अगं, दुपारी जेवायला एक माणूस जास्त आहे,” ते म्हणाले. “काहीतरी मऊ कर. त्याला दात नाहीत.”

कवळीकरांना वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य येणार, आणि आज ते ऐकायला त्यांची ना नव्हती. पण बायकोचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला, त्यांनी कधी न ऐकलेला.

“म्हणजे खरंच तेच आहेत?”

“तोच आहे. माझा हात धरून बसलाय. तू नव्हतीस का म्हणत, भेट व्हायची तेव्हा होईल?”

“अहो, ते मी आपलं तुम्हाला धीर यावा म्हणून म्हणायचे हो,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “मला कुठे खरं वाटत होतं!”

कवळीकर फोन कानाला लावून उभे राहिले. तीस वर्षं जिच्या भरवशाची ते चेष्टा करत आले, तिच्याकडे तो भरवसा नव्हताच. म्हणजे घरात आता विश्वास ठेवायला एकटे तेच उरले होते.

“रडू नकोस,” ते म्हणाले. “मला वाटतंय खरं. आम्ही निघतो आता.”